सेलिना विनिकोमचे केस

ब्रोचमधले केस आईचे नव्हते. दुकानात हे फीबी विनिकोमच्या लक्षात आले नाही. तिथे गॅसचा दिवा होता, आणि गेलेल्यांच्या केसांचे दागिने विणणाऱ्या मिसेस ग्लिडनने डबी हातात देताना मान इतकी अदबीने खाली घातली होती की तिच्यासमोर ती उघडून निरखत उभे राहणे फीबीला संकोचाचे वाटले. लक्षात आले ते पार्क स्ट्रीटच्या चढावर, अर्ध्या वाटेत, जिथे मालाच्या गाड्यांना वर ओढायला पुढे आणखी एक घोडा जोडतात तिथे. दम खायला ती हातमोज्यांच्या दुकानापुढे थांबली. ढग जरा सरले होते. तिने तोंडावरचा काळा जाळीचा पडदा वर केला, डबी उघडली, आणि ऑक्टोबरच्या पाणचट उन्हात काचेखालची विणलेली पट्टी पाहिली. वीण उत्तम होती, बारीक चटईसारखी, एक केस इकडचा तिकडे नाही. पण पेडापेडातून तांबूस झाक मारत होती. आईचे केस तांबूस नव्हते. ते गडद तपकिरी होते, काळ्याच्या अगदी शेजारचे, आणि साठी उलटली तरी त्यात एक पांढरा केस नव्हता. क्लिफ्टन वस्तीतल्या बायका तोंडावर याचे कौतुक करत आणि पाठीमागेही बहुधा कौतुकच करत. फीबीने डबी बंद केली आणि पुन्हा उघडली. केस तेच होते. तिच्या सुतकाच्या कपड्यांकडे पाहून एका गृहस्थाने हॅटला हात लावला आणि तो वळसा घालून पुढे गेला. तिला वाटले, आपण कुणा परक्या बाईचा अवयव हातात धरून भर रस्त्यात उभ्या आहोत.

तेव्हाच परत फिरायला हवे होते. पण ती चढ चढतच राहिली, कारण परत फिरून काय बोलायचे ते तिला जुळवता येईना, आणि न जुळवता बोलण्याची तिला सवय नव्हती. डोरकस मावशीने आधीच बजावले होते. 'केस बाहेर विणायला देऊ नकोस. तुझ्या आईचे त्यांच्या पेटीत राहतील आणि कुणा खाटकाच्या बायकोचे तुझ्या गळ्याशी येतील. स्वतः वीण. मी नाही का तुझ्या मावसांच्या केसांची घड्याळाची साखळी विणली? टक्कल होतं, तरी पुरले.' बायकांच्या मासिकांत नमुने येत असत, किती पेड घ्यायचे, कोणता कुठल्या बाजूने घालायचा. फीबीने ते वाचले होते. वाचायचे म्हटले तर ती सगळेच वाचत असे. वडील गेल्यावर त्यांची पुस्तकांची खोली तिच्याकडे आली होती आणि गेली अकरा वर्षे तिची संध्याकाळ तिथेच जात होती. हातांना मात्र काही येत नव्हते. शिवाय खरे कारण वेगळे होते. केसांना इतका वेळ हात लावत बसणे तिला धिटाईचे वाटले. आई जिवंत असताना जे केले नाही ते ती गेल्यावर महिनाभर रोज करायचे, हे कसे?

घरी आल्यावर तिने ब्रोच लावला नाही. नव्या मोलकरणीला चहा नको म्हणून सांगितले आणि आईच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसली. आईला जाऊन चोवीस दिवस झाले होते. रोडा, जिने तीस वर्षे आईचे कपडे आणि केस पाहिले, ती दफनाच्या दुसऱ्याच दिवशी आपली पेटी बांधून समुद्राकाठी बहिणीकडे गेली होती. जाताना ढसाढसा रडली होती, आणि तिचे ते उघडे रडणे पाहून फीबीला आपल्या कोरड्या डोळ्यांची लाज वाटली होती. या खोलीत, या खुर्चीशी, आई गेली त्या सकाळी प्रेताला आंघोळ घालणारी बाई बाह्या सारून उभी होती. 'बट कापून देऊ का, मिस? लोक ठेवतात,' ती म्हणाली. आईच्या डोक्यावर लेसची टोपी होती, हनुवटीखाली गाठ मारलेली. टोपी काढावी लागणार होती. फीबी म्हणाली, 'नको. माझ्याकडे आहेत.' आणि ते खोटे नव्हते. आदल्या आठवड्यात रुमाल शोधताना तिला खालच्या खणात पातळ कागदात गुंडाळलेली एक वेणी सापडली होती. हातभर लांब, जड, वरच्या टोकाला दोऱ्याने घट्ट शिवलेली. विंचरताना निघालेले केस साठवून बायका अशी वेणी बनवून घेतात, अंबाड्याला भर यावी म्हणून. आईनेही घेतली असणार, असे फीबीने गृहीत धरले. 'माझ्याकडे आहेत' म्हटल्यावर त्या बाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिले होते, आणि मग म्हणाली होती, 'बरं.' तो जरा वेळ फीबीला आत्ता आठवला.

मग तिने डोळे मिटून आईचे केस आठवायचा प्रयत्न केला, आणि तिला भीती वाटावी अशी गोष्ट झाली. टोपी आठवली. टोपीच्या फिती आठवल्या, जांभळ्या, करड्या, वडील गेल्यावर काळ्या. टोपीखालून कपाळावर दोन्हीकडे उतरलेले दोन गुळगुळीत पट्टे आठवले, मधोमध भांग. मागचे काही आठवेना. मागून तिने आईला पाहिलेच नव्हते, असे कसे होईल? पण तसेच होते. लहानपणी ती आईला पाहत असे ते समोरून, आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळात. वरच्या मजल्यावर मुलांची खोली होती, तिथे दाई होती, दूध-पाव होते, खिडकीला गज होते, आणि खाली आईवडील होते. पाच वाजता दाई तोंड ओल्या फडक्याने पुसायची, स्वच्छ एप्रन घालायची, कंबरपट्ट्याची गाठ इतकी ओढून बांधायची की श्वास अडावा, आणि जिन्याच्या तोंडाशी म्हणायची, 'खाली गोंधळ केलास तर उद्या नाही.' खाली दिवाणखान्यात विस्तव असायचा. आई तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसलेली असायची, पाठ भिंतीकडे. फीबी गालिच्यावरच्या लाल फुलावर उभी राहायची, एक कविता म्हणायची, एका प्रश्नाचे उत्तर द्यायची. मग आई तिला मांडीजवळ घेऊन चित्रांचे पुस्तक दाखवायची. पुस्तक दाखवताना आईचा आवाज वेगळा होई, जवळचा, आणि तिच्या बाहीला लॅव्हेंडरचा वास येई. सहाला घंटा व्हायची. आई गाल पुढे करायची. गालच. तो गाल मऊ आणि थंड असे, आणि पुढचे तेवीस तास फीबी त्या एका तासावर काढी, तो गालिचा, तो विस्तव, ते पान कुठे उलटले होते, पुन्हा पुन्हा मनात लावून पाही. सगळ्या घरांत असेच होते. पलीकडच्या घरातली मुलेही पाचलाच खाली जात. यात दुःख करण्यासारखे काही आहे, हे कुणाला ठाऊक नव्हते, फीबीलाही नाही.

ठाऊक झाले ते सातव्या वर्षी. त्या दिवशी दाईने टेकडीवरच्या मैदानात फिरायला नेले होते आणि फीबीने डेझीच्या फुलांची माळ केली होती, देठाला नखाने चीर पाडून दुसरा देठ ओवत. ती माळ तिने एप्रनच्या खिशात लपवून खाली आणली. कविता म्हणून झाली. आई वडिलांशी काही बोलत होती, हसत होती. फीबी सरकत सरकत खुर्चीच्या मागे गेली. भिंत आणि खुर्ची यांत तिच्यापुरती जागा होती. ती पायरीच्या स्टुलावर चढली आणि माळ दोन्ही हातांनी आईच्या डोक्यावर ठेवू लागली. तिची बोटे टोपीच्या कडेखाली गेली, इतकेच. आई अशी उठली की चहाचे तबक कोसळले. तिने मागे हात मारला, फीबी स्टुलावरून भिंतीवर आपटली, आणि आई दोन्ही तळहात डोक्यावर दाबून उभी होती, पांढरीफटक. ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, 'हिला वर घेऊन जा.' त्यानंतर तीन आठवडे पाचला दाईने एप्रन बदलला नाही. चौथ्या आठवड्यात बदलला, आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले, फक्त आता पुस्तक मांडीजवळ नाही तर टेबलावर ठेवून पाहायचे होते. कुणी काही बोलले नाही. फीबीनेही विचारले नाही. तिने तिच्यापुरते समजून घेतले की तिच्या हातांत काहीतरी आहे, जे आईला सहन होत नाही. पुढे वीस-एकविसाव्या वर्षी एक गृहस्थ तिला मागणी घालायला आले होते. चांगले होते, तिला आवडतही होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला तेव्हा तिने तो काढून घेतला, आणि का काढून घेतला हे तिला त्यांना सांगता आले नाही. ते दोनदा आले, मग आले नाहीत. आईने त्यावर एवढेच म्हटले होते, 'तुझी मर्जी, फीबी.'

शेवटच्या आजारात चार महिने फीबीने आईचे सगळे केले. घोट घोट सार पाजले, औषधे दिली, पाठीखाली उशा सरकवल्या. पण सकाळी नऊला रोडा फणी घेऊन यायची आणि आई म्हणायची, 'फीबी, तू जरा बाहेर जा.' दार लागायचे. फीबी बोळात उभी राहायची. आतून बोलण्याचा आवाज यायचा, एकदा तर दोघींच्या हसण्याचा. हसण्याइतके आईच्या अंगात त्राण होते आणि ते रोडाला मिळाले, हे फीबीने मनाच्या तळाशी नेऊन ठेवले होते. आता ती खिडकीशी बसून होती आणि तिला इतकेच कळत होते की आई नावाच्या बाईचा एक तरी तुकडा, खराखुरा, तिला हवा होता, गाल पुढे करावा तसा कुणी पुढे केलेला नाही, तर तिने स्वतः घेतलेला. आणि तो कुणीतरी बदलला होता. उद्या जायचे, तिने ठरवले. आणि आईचे घेऊन यायचे.

मिसेस ग्लिडनचे काम दुकानामागच्या खोलीत चाले. मध्ये कंबरेइतके उंच गोल टेबल होते, त्याला मधोमध भोक, आणि कडेने केसांचे पेड लोंबत होते, प्रत्येकाच्या टोकाला शिशाचे छोटे वजन. विणताना ती वजने एकमेकांवर आपटून बारीक टकटक होत होती. फीबी आत आली तसे मिसेस ग्लिडनने हात थांबवले, पण पेड सोडले नाहीत.

"या बाईसाहेब. बसा. अंगाला टेबल लागू देऊ नका, एका रेव्हरंडसाहेबांच्या दोन बायका आहेत त्यावर. दोघी एकाच अंगठीत हव्यात म्हणे."

फीबी बसली नाही. तिने डबी काढून ठेवली. "हे केस माझ्या आईचे नाहीत."

"तुम्ही दिलेत तेच आहेत."

"माझ्या आईचे केस काळपट होते."

"दिलेत तेव्हा होते." तिने पेड एका खुंटीला अडकवले आणि ओल्या फडक्याला बोटे पुसली. ती ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा घातलेली बाई होती. "आम्ही आधी सोड्यात उकळतो. तेल निघतं, धूळ निघते. रंग दिलेला असला तर रंगही निघतो. अक्रोडाच्या सालीचा होता. चांगला मुरलेला, दोन पाण्यांत उतरला."

"माझी आई केस रंगवत नव्हती."

मिसेस ग्लिडनने मागच्या कपाटातून एक पुडके काढले. त्यावर फीबीच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'सेलिना विनिकोम', तारखेसह, आणि आत वेणीचा उरलेला भाग होता, धुतलेला, तांबूस. "इकडं या, खिडकीशी. हातमोजा काढा. हा एक केस धरा चिमटीत आणि बोटं फिरवा. आता हा धरा. कळलं?"

फीबीला कळले. एक केस जाड होता, राठ, बोटांखाली कुरकुरणारा. दुसरा असा की धरला आहे की नाही तेच समजेना.

"दोन डोक्यांचे आहेत," मिसेस ग्लिडन म्हणाली. "मला विचाराल तर तिघींचे, पण दोघींवर मी शपथ घेईन. हे गठ्ठे फ्रान्सकडून येतात. तिकडं जत्रेत मुली कापून देतात, कापडाच्या ठाणाबदली. मग टोपी घालतात, म्हणजे कुणाला दिसत नाही. इकडं आणखी कुणी टोपी घालतं. तेही कुणाला दिसत नाही. निम्मं क्लिफ्टन त्या मुलींच्या जिवावर मिरवतंय, आणि मी नावं सांगणार नाही."

"तुम्ही हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं, बाईसाहेब? पुडकं छातीशी धरून उभ्या होतात तुम्ही." तिने केस पुन्हा कागदात ठेवले, एक एक, जणू ते कुणाचे तरी होते. ते कुणाचे तरी होतेच. "मागं एक गृहस्थ आले होते, बायकोचे केस घेऊन. त्यांना सांगितलं मी. खरं बोलावं म्हटलं. ते त्याच खुर्चीत बसून राहिले, मी दुकान लावून घेईस्तोवर. तेव्हापासून मी आपली विणते. पण चोर म्हटलेलं मला खपत नाही."

"मी चोर म्हटलं नाही."

"म्हणणार होतात. दुकानातल्या पावलांवरून कळतं." ती पुन्हा टेबलाशी गेली, पेड हातात घेतले, आणि मान वर न करता म्हणाली, "डोक्यावरचेच कापून घ्यायचे होते. पांढरे असोत, चारच असोत. चार केसांचंही मी फूल करते. लहानसं होतं, पण होतं."

परतताना फीबीने चढ कधी चढला ते तिला कळले नाही. वाटेत पाववाल्याने तिला नमस्कार केला असावा, तिनेही मान लववली असावी. तिला एकच दिसत होते: दोन तळहात डोक्यावर दाबून उभी असलेली आई. बत्तीस वर्षे ते चित्र तिच्या मनात होते आणि बत्तीस वर्षे ती त्या चित्रात स्वतःला पाहत आली होती, स्वतःचे नकोसे हात. आता ती पहिल्यांदा आईकडे पाहत होती. आई रागावलेली नव्हती. आई भ्याली होती. सात वर्षांच्या मुलीला भ्याली होती, की आत्ता, वडिलांच्या देखत, विस्तवाच्या उजेडात, सगळे हातात येईल. भिंतीकडे पाठ करून ठेवलेली ती खुर्ची. टेबलावर गेलेले पुस्तक. सकाळी लागणारे दार. एकेक गोष्ट आपली जागा बदलत होती, आणि प्रत्येकीने जागा बदलली की फीबीच्या छातीत काहीतरी सैल होत होते. ते सुखाचे आहे की कसले, तिला ठरवता येईना. आईची एक लाज होती, आणि ती आता फीबीला माहीत होती. कुणी दिली नव्हती, तिची तिने शोधली होती. आपल्या दोघींमधली गोष्ट, असे शब्द तिच्या मनात आले. आयुष्यात आईबद्दल ते पहिल्यांदा आले. मावशी उद्या ब्रोच पाहायला येणार होती. मावशीला काही कळू द्यायचे नाही, फीबीने ठरवले. आईचे केस असेच होते म्हणायचे आणि शेवटपर्यंत म्हणत राहायचे. घरी पोहोचल्यावर तिने आरशासमोर उभे राहून ब्रोच गळ्याशी लावला. त्या दोन अनोळखी मुली, एक राठ, एक मऊ, काळ्या क्रेपच्या पोशाखावर गुपचूप चिकटून राहिल्या.

डोरकस मावशी दुसऱ्या दिवशी चारला आली. ती आईहून नऊ वर्षांनी मोठी, सत्तरीची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. बसण्याआधीच तिने नव्या मोलकरणीने वाढलेला केक बोटाने दाबून पाहिला.

"हा कालचा आहे. तुला फसवतेय ती. आणि तू वाळलीस, फीबी. सुतकात माणूस वाळतंच, पण तुझ्याकडं वाळायला होतं काय मुळात? ये, उजेडात ये. बघू माझ्या बहिणीला कसं विणलंय ते."

फीबी पुढे वाकली. मावशीने साखळीला अडकवलेले भिंग डोळ्याला लावले. तिचा श्वास फीबीच्या हनुवटीला लागत होता.

"तांबडे झालेत," मावशी म्हणाली.

"सोड्यानं थोडे उजळतात म्हणे. आईचे असेच होते तसे, उन्हात पाहिले तर."

"उजळतात कसले. रंग उतरलाय." मावशीने भिंग खाली सोडले. "मी तेव्हाच सेलिनाला म्हटलं होतं, बाथ शहरातल्या त्या माणसाकडून घेऊ नकोस, तो अक्रोडाचं पाणी वापरतो. पण तिला घाई. तू ही वेणी दिलीस होय? खालच्या खणातली? अगं, ती तर जुनी. चांगली होती ती तिच्या डोक्याबरोबरच पुरली गेली."

फीबीने किटली हातात घेतली होती. ती तिने पुन्हा तबकात ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"मी बरोबर गेले होते की. तिला आरशात बघवेना, म्हणून त्या माणसानं सगळे नमुने माझ्या डोक्यावर लावून दाखवले. मी तिथं बसलेय ठोंब्यासारखी, आणि ही म्हणते, डोरकस, तुला हे किती शोभतात." मावशी हसली. मग तिने फीबीकडे पाहिले आणि हसणे आवरते घेतले.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"रोडाला. तुमच्या दाईला. डॉक्टरांना. तुझ्या बाबांना तर असणारच, नवरा होता तो."

वडिलांच्या देखत, असे ती काल मनाशी म्हणाली होती. फीबीने केकची बशी जराशी सरळ केली. "म्हणजे घरात मला एकटीलाच नव्हतं."

"तू लहान होतीस."

"मी एकोणचाळीस वर्षांची आहे, मावशी."

"आत्ता आहेस," मावशी म्हणाली, आणि त्यात तिला विनोद अभिप्रेत नव्हता. तिने काठी गुडघ्यांना टेकवून ठेवली. "तिनं मला बायबलवर हात ठेवायला लावला होता. ती गेली, आता काय. तुला सहाव्या वर्षी लाल ताप आला होता, तो आठवतो?"

फीबीला तापातली एवढीच गोष्ट आठवत होती: ताप पसरू नये म्हणून दाराला टांगलेली, कसल्याशा उग्र पाण्यात भिजवलेली चादर, तिच्यावर हलणारा उजेड, आणि चमचा धरलेला एक हात. तिचे केस कापले होते तेही आठवत होते, उशीवर टोचायचे. "माझे केस कापले होते," ती म्हणाली. "ते परत आले."

"पोरांचे येतात. तिला तुझ्याकडूनच आला तो. अकरा दिवस त्या चादरीआड होती तुझ्याबरोबर, कुणाला आत येऊ दिलं नाही, दाईला जेवण दारात ठेवायला लावायची. तू उठलीस आणि ती पडली. डॉक्टरांनी डोकं भादरलं, केस जे गेले ते गेले. मग नुसती लव आली, तीही ठिकठिकाणी. अठ्ठावीस वर्षांची होती गं."

"चमचा कुणी धरला होता?"

"कसला चमचा?"

"काही नाही." बाहेर एक गाडी चढ चढत होती आणि गाडीवान घोड्यांना काही समजावत होता. फीबी ते ऐकत राहिली. मग तिने विचारले, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"काय सांगायचं? तुझ्यापायी माझे केस गेले, असं? लेकराला सांगतात असं? ते जन्मभर मनाला लावून घेशील म्हणून तर शपथ." मावशीने काठीची मूठ धरली. "एकदा तू तिला फुलं घालायला गेलीस ना मागून. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. म्हणाली, मी पोरीला ढकललं, डोरकस. मी म्हटलं, मग जा, जवळ घे तिला. म्हणाली, घेईन गं. पण मग ती पुन्हा हात लावील."

फीबी आपल्या हातांकडे पाहत होती. ते मांडीवर होते, एकावर एक, नीट. तिला वाटत होते की आता रडू येईल, आणि ते आले असते तर तिला बरे वाटले असते. पण आत इतक्या वर्षांचे जे जिथे रचले होते ते सगळे एकाच वेळी हलले होते, आणि कशाला धरून रडायचे ते तिला सापडत नव्हते. तिला वाईट वाटू नये म्हणून आई तिच्यापासून दूर बसली होती, आणि तिला वाईट वाटले होते ते आई दूर बसली म्हणून. यात चूक कुणाची ते शोधायला जावे तर तिथे कुणीच नव्हते. एक खुर्ची होती, भिंतीकडे पाठ केलेली.

"मावशी," ती म्हणाली, "आधी रंग कसा होता? तिच्या स्वतःच्या केसांचा?"

"म्हणजे काय? लहानपणी मीच विंचरायचे की. रोज सकाळी शंभर वेळा फणी. असा..." मावशीने हात वर केला, जणू तो रंग तिथे हवेत होता, आणि हात तसाच राहिला. ती खोलीभर पाहू लागली. टेबलाच्या लाकडाकडे पाहिले, मान हलवली. पडद्याकडे पाहिले. वडिलांच्या पुस्तकांच्या चामडी पाठींवरून तिची नजर ओळीने सरकली आणि फीबीची तिच्यामागोमाग. "तो नाही. तोही नाही. काळा नव्हता, काळा त्या माणसानं केला. थोडा... थांब." तिने फीबीच्या हाताजवळच्या कपाकडे बोट दाखवले. "यात चहा ओत बघू."

फीबीने ओतला.

"फार गडद झाला. दूध घाल. थेंबभरच. हां, अजून... नाही, गेला. आता मातकट झाला. असा नव्हता तिचा, जिवंत होता."

फीबीने तो कप बाजूला सारला, दुसरा ओढला, आणि या वेळी आधी गरम पाणी घातले, मग चहा, आणि कप उचलून मावशीच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजेडात धरला. मावशीने भिंग लावले.

"जवळ आला," ती म्हणाली. "थोडा अजून उजळ कर."

फीबीने तिसरा कप घेतला.